आवक, जावक आणि हिरवा दिवा

३० मे २०२४ च्या दुपारी नागपूरचं तापमान ५६ अंश सेल्सिअस झालं. म्हणजे शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने तसं सांगितलं. आकडा मोबाइलवर फिरला, वाहिन्यांवर चढला, आणि ज्यांना घराबाहेर पडल्यावर अंग भाजत होतं त्यांना तो खराही वाटला. नागपूरकराला सत्तेचाळीसचं फारसं अप्रूप नाही. मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेलेला त्याने पाहिलेला आहे. पण छप्पन? हवामान खात्याने मग खुलासा केला की केंद्राचा संवेदक बिघडलेला होता. प्रत्यक्ष तापमान चव्वेचाळीस-पंचेचाळिसाच्या घरात होतं. आदल्याच दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९ अंश नोंदवले होते, तेही तपासणीत तीन अंशांनी जास्त निघाले.

हवामान खात्याकडे निदान दुसरी केंद्रं होती. एकाने वेडंवाकडं सांगितलं तर बाकीच्यांशी ताडून बघता आलं. पण कळमना मार्केटच्या फाटकाबाहेर चहाचा ठेला लावणाऱ्या माणसाकडे त्याच्या सोलरबद्दल सांगणारी एकच गोष्ट आहे. ती म्हणजे बॅटरीचं भरणं सांभाळणाऱ्या चार्ज कंट्रोलरवरचा हिरवा दिवा.

कळमन्याचा दिवस रात्री सुरू होतो. भाजीच्या गाड्या अंधारात लागतात, हमाल कट्टे उतरवतात, लिलाव व्हायच्या आत चहाची एक फेरी होऊन जाते. धान्य, मिरची, संत्री, कांदे-बटाटे यांचे वेगवेगळे विभाग आणि वेगवेगळ्या वेळा. ठेला पहाटे तीनला उघडतो. त्याला वीज जोडणी नाही. रस्त्याकडेच्या ठेल्याला मीटर मिळणं किती अवघड असतं ते ठेलेवाल्यालाच विचारावं. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीजकेंद्रं महाराष्ट्राला वीज पुरवतात आणि इथे त्यांच्या शेजारच्या गावात चहा उकळायचा तो बॅटरीच्या उजेडात. असो.

या ठेल्यावर शंभर वॅटची प्लेट आहे. (पॅनल म्हणणारे लोक माहितीपत्रक वाचून आलेले असतात, बाजारात सगळे प्लेटच म्हणतात.) चाळीस अँपिअर-तासांची बारा व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी आहे, एक साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, सात-सात वॅटचे दोन एलईडी दिवे, एक छोटा डीसी पंखा आणि हमालांचे मोबाइल चार्ज करायला यूएसबीचं एक सॉकेट. ठेल्यावर कडुनिंबाची सावली असल्यामुळे प्लेट शेजारच्या दुकानाच्या स्लॅबवर ठेवलेली. त्याचं भाडं दोन कप चहा, रोज.

ठेलेवाल्याच्या दोन बॅटऱ्या आधीच गेल्या होत्या, तिसरी गेल्या दिवाळीत घेतलेली. तीही कुरकुरायला लागली तेव्हा तो वैतागून म्हणाला, "प्लेट चांगली आहे, ऊन नागपूरचं आहे, हिरवा लाइट जळून राहिला. मंग याले अजून काय पाहिजे, सांगा बरं!"

प्रश्न रास्त होता. उत्तर देण्यासाठी एक यंत्र बनवावं लागलं.

हिरव्या दिव्याला काय कळतं, ते आधी बघू. स्वस्त कंट्रोलर बॅटरीच्या दोन टोकांमधला व्होल्टेज पाहतो आणि तेवढ्यावरच मत बनवतो. शिशाच्या बॅटरीचा व्होल्टेज काही सांगतो हे खरं. ती शांत, काही तास न छेडलेली असेल तर १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. पण ठेल्यावरच्या बॅटरीला शांतता मिळते कधी? सकाळी प्लेटमधून प्रवाह आत शिरू लागला की व्होल्टेज लगेच वर चढतो. तो चढलेला व्होल्टेज बॅटरीचा नसतो, तिच्यात चाललेल्या कोंबाकोंबीचा असतो. बॅटरी जुनी असेल तर आणखी गंमत होते. तिच्या आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर शिसे-सल्फेटचे कठीण खडे बसलेले असतात, आतला विरोध वाढलेला असतो, त्यामुळे थोडासा प्रवाह आत जाताच व्होल्टेज १४.४ ला टेकतो. कंट्रोलर म्हणतो, झालं, भरली. दिवा हिरवा. आणि मग तो प्रवाह तोडत-तोडत आत सोडतो. म्हणजे बॅटरी जितकी आजारी, तितका हिरवा दिवा लवकर लागतो. सकाळी साडेदहालाच दिवा हिरवा झाला याचा आनंद मानणारे लोक मी पाहिले आहेत.

तेव्हा व्होल्टेज सोडून प्रवाह मोजायचा. आत किती गेला, बाहेर किती आला. कळमन्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत, कारण मार्केटकडे येणाऱ्या प्रत्येक ट्रकचा हाच हिशेब धरमकाट्यावर होतो. भरलेली गाडी काट्यावर चढते, रिकामी होऊन परत चढते, मधला फरक म्हणजे माल. ट्रकच्या तोंडाकडे बघून कोणी मालाचं वजन सांगत नाही. बॅटरीच्या वाटेवर असाच एक काटा बसवायचा आणि दर सेकंदाला आवक-जावक लिहून ठेवायची. तुटीचा प्रकारही इथे आहे: शिशाच्या बॅटरीत शंभर अँपिअर-तास घातले तर पंच्याऐंशी ते नव्वदच परत मिळतात. बाकीचे मुख्यतः पाण्याचा वायू होण्यात जातात. त्यामुळे रात्री वीस खर्च झाले असतील तर दिवसा तेवीस यायला हवेत, वीस नव्हे. हिरव्या दिव्याला ही तूट कधीच दिसत नाही.

सामान सीताबर्डीत मिळतं. मोदी नंबरच्या गल्ल्यांत एकेका दुकानात ड्रॉवरांच्या भिंती असतात आणि काउंटरवरचा माणूस नंबर ऐकताच न बघता हात घालून चिप काढतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास ज्यांनी असे तास घालवले असतील त्यांना ही चैन माहीत आहे.

प्रवाह मोजायला हौशी मंडळी बहुतेक वेळा दोन गोष्टींकडे वळतात. एक एसीएस-७१२ नावाचा चुंबकीय संवेदक. जोडायला सोपा, पण वीस अँपिअरवाल्या प्रकारात एका अँपिअरला १०० मिलिव्होल्ट देतो. आर्डुइनो उनोचा दहा-बिटांचा मापक पाच व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी जवळपास पाच मिलिव्होल्टची. पन्नास मिलिअँपिअरपेक्षा बारीक काही दिसणारच नाही, आणि शून्य तापमानाबरोबर सरकतं ते वेगळंच. दुसरी आयएनए-२१९ ची जांभळी-निळी चिमुकली पट्टी. अचूक आहे, पण तिच्यावर ०.१ ओहमचा रोध डकवलेला असतो आणि ती ३.२ अँपिअरवर थांबते. शंभर वॅटची प्लेट साडेपाच अँपिअरपर्यंत देते. म्हणून तिची मोठी बहीण आयएनए-२२६ घेतली, पट्टीवरचा रोध काढला आणि बाहेरून दहा अँपिअर-पंच्याहत्तर मिलिव्होल्टचा पितळी टोकांचा शंट जोडला. हा शंट म्हणजे साडेसात मिलिओहमचा एक जाड तुकडा. पूर्ण प्रवाहातही तो पाव वॅटसुद्धा खात नाही. त्याच्या दोन टोकांमधला फरक चिप अडीच मायक्रोव्होल्टच्या पायऱ्यांनी वाचते, म्हणजे मिलिअँपिअरच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. चहाच्या ठेल्याला एवढी बारकाई कशाला, असं वाटेल. पण चूक दिवसभर साचते. शून्यात दहा मिलिअँपिअरचा फरक राहिला तर चोवीस तासांत पाव अँपिअर-तास हिशेबात खोटा जमा होतो, आणि पंधरवड्यात साडेतीनच्या आसपास.

असे दोन काटे लागतात, एक प्लेटकडून येणाऱ्या वाटेवर, एक दिव्यांकडे जाणाऱ्या. इथे एक खोच आहे, जी माहितीपत्रकात सहसा नसते. बऱ्याच स्वस्त कंट्रोलरांमध्ये प्लेटची आणि बॅटरीची धन बाजू आतून एकच असते आणि तोडजोड ऋण बाजूला होते. त्यामुळे बॅटरीच्या ऋण टोकाला जमीन मानून प्लेटचा व्होल्टेज मोजायला गेलं तर मीटर बॅटरीचाच आकडा परत सांगतो. प्रवाह बरोबर येतो, व्होल्टेज खोटा. प्लेटचा व्होल्टेज हवा असेल तर तिच्याच दोन तारांमध्ये मीटर लावायला हवं. शिवाय पीडब्ल्यूएम कंट्रोलर प्रवाह सतत तोडतो-जोडतो, एखादाच नमुना घेतला तर कधी पाच दिसतात कधी शून्य. चिपला सरासरी काढायला सांगावं लागतं. आयएनए-२२६ एका वेळी १०२४ नमुन्यांपर्यंत सरासरी काढते.

मेंदू म्हणून ईएसपी-३२. शांघायच्या कंपनीची ही पाटी आर्डुइनोच्या पद्धतीनेच चालवता येते. आर्डुइनो २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रेआ गावच्या डिझाइन शाळेत जन्मलं, तेही विद्यार्थ्यांना महागडी साधनं परवडेनात म्हणून. पाटीला वीज बॅटरीतूनच द्यायची. तिथे साधा रेषीय नियामक लावला तर शंभर मिलिअँपिअर दिवसभर बारा व्होल्टवरून ओढले जातात, म्हणजे रोज जवळपास अडीच अँपिअर-तास. पहाटेचे दोन तास दिवे त्यात चालले असते. निळ्या पाटीवरचा एलएम-२५९६ चा बक कन्व्हर्टर लावला की तोच खर्च एका अँपिअर-तासाच्या आसपास येतो, आणि वाय-फाय दिवसातून थोडाच वेळ उघडलं की आणखी कमी. पहारेकऱ्यानेच कोठार खाऊ नये एवढी काळजी घ्यायला हवी.

दोन डीएस-१८-बी-२० तापमापक: एक प्लेटच्या पाठीला चिकटवलेला, एक बॅटरीच्या अंगाला. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर दहा अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज सगळ्यांत आधी लावायचा, बाकी सगळं नंतर. शिशाची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर ओकते. पाना निसटून दोन टोकांवर पडला तर तो तिथेच वितळून चिकटतो. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवायचं. बॅटरीच्या झाकणाजवळ काडी ओढायची नाही, कारण भरत आलेली बॅटरी हायड्रोजन सोडते, आणि चहाच्या ठेल्यावर भट्टी नेहमी पेटलेलीच असते. बॅटरीची पेटी म्हणून भट्टीपासून दूर, ठेल्याच्या मागच्या अंगाला हलवली. बक्कळ घासाघीस करून साधारण दीड-दोन हजारांत सगळा डबा झाला.

इथे पाबळची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून हा माणूस दुष्काळी पट्ट्यातल्या गावात येऊन बसला, शाळा सुटलेल्या मुलांना वेल्डिंग, शेती, बांधकाम, विजेची कामं शिकवायला. जमिनीखालचं पाणी शोधायचं तर जमिनीचा विद्युत-रोध मोजावा लागतो; ते काम त्या मुलांनी शिकलं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांनी एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे हवं ते स्वतः बनवता येईल अशी कार्यशाळा, काढली ती या पाबळमध्ये. त्या काळात आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मीटर कपाटात कुलूपबंद असायचे आणि मुलं प्रयोगवहीत मागच्या वर्षीचे आकडे उतरवायची. मला वाटतं, कलबागांचं सगळ्यांत मोठं काम हे की मोजण्याचं साधन गावातल्या पोराच्या हातात दिलं आणि ते बिघडेल म्हणून घाबरले नाहीत.

डबा तयार झाला तरी त्याच्यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो. गाडीच्या हेडलाइटचा पंचावन्न वॅटचा बल्ब बॅटरीला लावला की साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याच वाटेवर चांगला मल्टिमीटर ओळीत ठेवायचा आणि दोन्ही आकडे जुळतात का बघायचं. मल्टिमीटरही दुसऱ्याशी ताडायचा. सगळं तोडून टाकल्यावर शून्य यायला हवं. या बाबतीत आपल्या देशात ज्यांचा शब्द प्रमाण मानावा त्या अॅना मणी. हवामान खात्याच्या पुण्याच्या उपकरण विभागात त्यांनी परदेशातून येणारी हवामानयंत्रं इथे बनवायला लावली, एकेकाचे आराखडे प्रमाणित केले, १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात सूर्याची किरणं मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं. भारतावर पडणाऱ्या सौर प्रारणाच्या आकड्यांचे त्यांचे ग्रंथ १९८० च्या दशकाच्या तोंडावर आले, आणि आज प्लेट विकणारा जो विक्रेता "इथे वर्षाला इतकं ऊन" असं छातीठोक सांगतो तो नकळत त्यांच्याच परंपरेतला आकडा सांगत असतो. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, हा त्यांचा आग्रह.

तर डबा लागला, आणि आलेख दिसू लागले.

उन्हाळ्याला लोक जेवढा दोष देतात तेवढा त्याचा नाही, हे पहिलं दिसलं. हिशेब कागदावर असा आहे: पंचेचाळीस अंशांच्या वाराहीन दुपारी प्लेटची पाठ सत्तरच्या पुढे जाते. सिलिकॉनची प्लेट पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला जवळपास ०.४ टक्के ताकद गमावते, म्हणजे अठरा-एकोणीस टक्के गेले. पण गळती मुख्यतः व्होल्टेजमध्ये होते. अठरा व्होल्टवर काम करणारी प्लेट साडेचौदावर येते आणि प्रवाह जवळपास तेवढाच राहतो. पीडब्ल्यूएम कंट्रोलर तसाही जास्तीचा व्होल्टेज वापरत नाही. शंभर वॅटच्या प्लेटमधून तो बॅटरीत सत्तरच वॅट घालतो, थंडीत आणि उन्हाळ्यात सारखेच. नुकसान दिसतं ते शेवटच्या टप्प्यात. बॅटरी चौदा व्होल्टला आली की प्लेटला जोर कमी पडतो आणि पाचाचे चार होतात. याला तारेने हातभार लावला होता. स्लॅबवरून ठेल्यापर्यंत दहा मीटर आणि परत दहा मीटर एक चौरस मिलिमीटरची तार. साडेपाच अँपिअरला तिच्यातच पावणेदोन ते दोन व्होल्ट जातात. चार चौरस मिलिमीटरची घातली की अर्धाच व्होल्ट. प्लेट बदलायला हजारो रुपये लागतात, तार बदलायला काही शे. तरी बसवणारे लोक तारेतच काटकसर करतात, कारण तार गिऱ्हाइकाला दिसत नाही.

उन्हाचा खरा मार बॅटरीवर. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा जुना ठोकताळा आहे. पेटी सावलीत, जमिनीपासून विटेवर, हवा खेळती, आणि डिस्टिल्ड वॉटर वेळेवर, एवढं केलं तरी पुष्कळ. पिण्याच्या बाटलीतलं पाणी घालणाऱ्यांची कमी नाही. ते पाणी माणसाला चालतं, शिशाला नाही.

मग सावली. आलेख वाचायची सवय झाली की प्रत्येक संकटाची चाल ओळखू येते. ढग आले की रेघ दातेरी होते. धूळ बसली की सबंध रेघ खाली उतरते, पण आकार तोच राहतो. आणि सावली पडली की कडा तुटल्यासारखी रेघ एकदम खाली. दुपारी साडेतीनला प्रवाह चारावरून पाच-सात मिनिटांत शून्याजवळ येत होता. वर जाऊन पाहिलं तर पाण्याच्या टाकीची सावली प्लेटच्या कोपऱ्यातल्या दोन चौकोनांवर. कोपरा झाकला तर कोपऱ्याएवढंच नुकसान होईल, असं वाटणं साहजिक आहे. पण छत्तीस चौकोन एका माळेत असतात, आणि माळेतला प्रवाह सगळ्यांत कमजोर चौकोनाएवढाच. डायोड झाकलेल्या अर्ध्या भागाला वळसा घालतो, मग उरलेला अर्धा भाग नऊच व्होल्ट देतो, आणि नऊ व्होल्टने बारा व्होल्टची बॅटरी भरत नाही. कोपरा झाकला की सगळंच गेलं. प्लेट चार फूट सरकवली.

धुळीचं प्रकरण कळमन्याचं खास. दसरा-दिवाळीला सोयाबीन येतं तेव्हा मार्केटवर भुशाचा ढग असतो, ट्रकांची धूळ त्यात भर घालते, आणि धान्य म्हटलं की कबुतरं आलीच. भरदुपारी, ऊन तेच असताना, ओल्या फडक्याने प्लेट पुसली की प्रवाह दहाव्या हिश्श्याहून जास्त वाढतो. हे ठेलेवाल्याने स्वतः पाहिलं, आकडा डोळ्यांसमोर वर गेला. त्यानंतर कोणी सांगावं लागलं नाही. आता फडकं पोऱ्या रोज मारतो. फक्त भरदुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही, सकाळी पुसायची. मुंबईच्या आयआयटीतल्या राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन केंद्राने २०१३ पासून देशभर प्लेटांच्या टिकाऊपणाची सर्वेक्षणं केली, त्यांत उष्ण प्रदेशातल्या प्लेटा थंड प्रदेशातल्यांपेक्षा लवकर ढासळतात आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा छोट्या, छतावरच्या प्लेटांची हालत जास्त वाईट, असं दिसलं. मोठ्या प्रकल्पात बघायला माणूस असतो.

हे सगळं झालं तरी बॅटरी का मरते ते कळलं नव्हतं. ते जुलैने सांगितलं.

ठेल्याची रोजची जावक वीस अँपिअर-तासांच्या आसपास, बारा महिने. पहाटेचे साडेतीन तास आणि संध्याकाळचे चार तास दिवे, आठ तास पंखा, मोबाइल. तूट धरून आवक तेवीस हवी. नागपूरला मेमध्ये दिवसाकाठी साडेसहा तासांच्या भरऊनाएवढं ऊन मिळतं. शेवटच्या आठवड्यात तर सूर्य दुपारी थेट डोक्यावर येऊन खांबाची सावली नाहीशी होते. तेव्हा तीसच्या वर आवक. हिवाळ्यात पंचवीस-सव्वीस, निभतं. जुलै-ऑगस्टमध्ये भरऊन साडेतीन तासांवर येतं, म्हणजे चांगल्या दिवशी एकोणीस. झडीच्या आठवड्यात बारा. रोज चार ते अकराची तूट. चार-पाच दिवसांत बॅटरी तळाला जाते, अकरा व्होल्टच्या आसपास कंट्रोलर दिवे तोडतो, दुसऱ्या दिवशी थोडी भरते, पुन्हा तुटते. हिरवा दिवा या सबंध काळात रोज दुपारी न चुकता लागत होता. पावसाळाभर बॅटरी एकदाही पूर्ण भरली नाही, आणि शिशाची बॅटरी अर्धपोटी महिनोन्महिने राहिली की सल्फेटचे खडे घट्ट होतात. पाऊस उघडतो, ऑक्टोबरचं लख्ख ऊन पडतं, पण तोवर तिची भूकच मेलेली असते. मग दिवाळीच्या सुमारास दुकानदार सांगतो, बॅटरी खराब. गिऱ्हाईक म्हणतं, नवी घेतली तेव्हाच डुप्लिकेट दिली असेल. दोघं भांडतात, तिसरी बॅटरी विकली जाते. मेली दिवाळीत, पण आजारी पडली आषाढात.

मोठ्या छतांचं चित्र वेगळं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे, आणि छतावरच्या सोलरमध्ये नागपूर जिल्हा राज्यात पुढे आहे. त्या यंत्रणांना इन्व्हर्टरबरोबर ॲप मिळतं, महावितरणचा दुहेरी मीटर आवक-जावक मोजतो, बिलात ते छापून येतं. बॅटरी बहुधा नसतेच. (लाइन गेली की छतावर भरऊन असूनही घरात अंधार होतो याचं त्या मंडळींना पहिल्या वेळी फार आश्चर्य वाटतं. लाइनमनला शॉक लागू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो.) ज्यांच्याकडे मीटरच नाही, ज्यांची सगळी वीज बारा व्होल्टच्या एका डब्यात, त्यांच्याकडे मात्र मोजणारं काही नाही. आयआयटी मुंबईच्या डॉ. चेतन सोलंकींनी २०१४ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी दहा लाख सौर दिव्यांची मोहीम काढली तेव्हा जोडणी आणि दुरुस्ती गावातल्याच लोकांना शिकवली, ते यासाठीच महत्त्वाचं. दिवा देणं सोपं. तो का विझला हे सांगणारं कोणी जवळ असावं लागतं.

ठेल्यावरच्या डब्याला चिमुकला पडदा आहे. त्यावर आधी सगळं दाखवलं होतं: दोन प्रवाह, व्होल्टेज, दोन तापमानं, एकूण आवक, एकूण जावक. त्याने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाला, "एवढं कोन वाचते जी, गिऱ्हाइकाच्या गर्दीत? एकच सांगा. काल फायदा झाला का घाटा." आता पडद्यावर एकच मोठा आकडा आहे, आदल्या दिवसाची बाकी, अधिक किंवा वजा, तूट आधीच कापून. खाली बारीक अक्षरात शेवटची पूर्ण भरून किती दिवस झाले ते. पूर्ण भरली कधी म्हणायचं, तर व्होल्टेज १४.२ च्या वर असताना आत जाणारा प्रवाह पाऊण अँपिअरच्या खाली उतरला की. तेव्हाच हिशेब शून्यावर आणायचा, नाही तर साचत गेलेली चूक पावसाळ्याअखेर मोठी होते. मी स्वतः इतकं साधं काही बनवलं नसतं. उपकरणं बनवणाऱ्या बहुतेकांची हीच खोड, आपल्याला जे मोजता आलं ते सगळं दुसऱ्याला दाखवायचं.

आकड्याचं त्याने काय केलं? मी सुचवलं की पन्नास वॅटची दुसरी प्लेट जोडावी, जुलैचा खड्डा भरून निघेल. त्याने ते बाजूला ठेवलं. सात दिवस सलग वजा आलं की तो बॅटरी हातगाडीवर टाकून ऑटोवाल्यांच्या चार्जिंगच्या दुकानात नेतो आणि रात्रभर लाइनवर भरून आणतो. पैसे थोडे, डोक्याला ताप नाही, आणि बॅटरी महिन्यातून दोनदा तरी पोटभर जेवते. हिशेब करून पाहिला, त्याचा उपाय माझ्यापेक्षा स्वस्त आहे. पंखा मात्र तो बंद करायला तयार नाही. पावसाळ्यात दमट उकाड्यात पंखा नसला तर गिऱ्हाईक पलीकडच्या ठेल्यावर जातं, आणि तो घाटा माझ्या डब्यात मोजला जात नाही, असं त्याचं म्हणणं.

आता त्याला लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हवी आहे. एका ई-रिक्षावाल्याने डोक्यात भरलंय. तिला अर्धपोटी राहिल्याचं दुःख नसतं, म्हणजे जुलैचा प्रश्नच मिटतो. पण महाग आहे, तिचं स्वतःचं संरक्षक सर्किट असतं, आणि भरलेली असो वा निम्मी, व्होल्टेज तेराच्या आसपास सपाट राहतो, त्यामुळे तिथे तर व्होल्टेज बघून काहीच कळत नाही, आवक-जावक मोजण्यावाचून इलाज नाही. शिवाय जुना कंट्रोलर तिला चालणार नाही, तोही बदलावा लागेल. दिवाळीनंतर आंबिया बहाराच्या संत्र्यांचा जोर असतो, धंदा बरा होतो, तेव्हा बघू म्हणाला. तोवर डब्याला एक कडी आणि कुलूप लावून द्या, पोट्टे काढून नेतील.